भरतीच्या पोरांना अंगठ्याचं नख रुततंय: कापण्यात चूक की बुटात?

माणदेशी_ट्रॅक (प्रश्न)

साताऱ्यात पोलीस भरती आणि अग्निवीरची तयारी करून घेतो. मुलं १७ ते २३ वयाची. रोज सकाळी ग्राउंडवर १६०० मीटरचा सराव, आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा नाहीतर यवतेश्वरचा घाट चढून-उतरून. पावसाळा लागला की दर बॅचमध्ये काही जणांच्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेच्या मांसात रुततं. आधी नुसतं दुखतं, मग कड सुजते, मग पू. पोरं ब्लेडने किंवा नेलकटरच्या टोकाने कोपरा कोरून काढतात, आठ-पंधरा दिवस आराम पडतो आणि पुन्हा तेच चालू.

विचारायचं हे की नेहमी अंगठाच का, आणि त्याच त्याच मुलांना का? नखं कापायची नेमकी पद्धत काय? बूट बदलून फरक पडतो का? आणि पळणं कधी थांबवायचं, डॉक्टरकडे कधी पाठवायचं? एकाचं नख पूर्ण काढलं होतं, तरी नवीन आलेलं परत रुतलंय.

---

मिरज_ओपीडी

कोपरा कोरणं हेच तुमच्या पोरांचं मूळ दुखणं आहे. बाकी कारणं त्याला हातभार लावतात.

नख मुळापासून पुढे सरकत वाढतं. कोपरा तिरपा कापला तर आत, जिथे नेलकटर पोचत नाही तिथे, काट्यासारखं बारीक टोक शिल्लक राहतं. वरून ते दिसत नाही. दाबणारा तुकडा गेल्यामुळे लगेच बरं वाटतं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत ते टोक मिलिमीटरभर पुढे येऊन थेट कातडीत घुसतं. शरीर त्याला बाहेरून घुसलेली वस्तू समजतं. कड सुजते, सुजलेली कड नखावर आणखी चढते, नख आणखी खोल जातं. मग मुलगा अजून आतून कोरतो. प्रत्येक फेरीला टोक जास्त आत राहतं.

अंगठाच का, तर पाऊल ढकलताना सगळा भार शेवटी अंगठ्यावर येतो आणि बुटाचं पुढचं तोंड आधी त्यालाच लागतं. शिवाय भार पडला की अंगठ्याच्या टोकाचं मांस वर उचललं जातं. नख पुरेसं लांब असेल तर ते मांस दाबून धरतं. फार आखूड कापलं तर मांस नखाच्या पुढे उभं राहतं आणि वाढणारं नख त्यावर आदळतं.

त्याच मुलांना का: काहींचं नख जन्मतः रुंद किंवा कडेला वळलेलं असतं, घरात आई-वडिलांचंही तसंच दिसेल. काहींच्या कडेचं मांस जाड असतं. या वयात पायाला घाम जास्त, ओलाव्याने कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीत टोक सहज शिरतं. तुमचा पावसाळ्याचा अनुभव इथे जुळतो. एक गोष्ट मुद्दाम विचारा: कुणी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतोय का? त्यांनीही नखाच्या कडेला असा त्रास होतो. गोळ्या परस्पर बंद करू नयेत, ज्यांनी दिल्या त्यांना सांगावं.

कापण्याची पद्धत:

आंघोळीनंतर किंवा पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून मग कापा. कोरडं, कडक नख कापताना चिरतं आणि चीर कडेला गेली की काटा तयार होतो. हाताच्या नखांचं छोटं गोल तोंडाचं नेलकटर नको, मोठं आणि सरळ धारेचं घ्या. एका दाबात अख्खं नख न कापता तीन-चार छोट्या घासांत, आडवं सरळ. लांबी अंगठ्याच्या टोकाच्या बरोबरीने, पुढे एक-दोन मिलिमीटर पांढरी कड शिल्लक पाहिजे. दोन्ही कोपरे मांसाच्या बाहेर, डोळ्यांना दिसले पाहिजेत. कोपरा दिसत नसेल तर नख जास्त आखूड झालंय. मोज्यात अडकतो म्हणून कोपऱ्याची धार मारायची असेल तर कानशीने, एकाच दिशेने दोन-तीन हात. नेलकटर तिथे न्यायचंच नाही.

आणि किती दिवसांनी? हाताची नखं पायाच्या दुप्पट वेगाने वाढतात. दर रविवारी हाताबरोबर पायाचीही कापण्याची सवय घराघरात आहे. आठवड्यात पायाच्या अंगठ्याचं नख जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर वाढलेलं असतं, मग कापायला काही नसतं म्हणून माणूस कोपरे खातो. अंगठ्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे.

---

हळदकाठ_सांगली

आमच्याकडे नखाच्या बरोबर मध्ये व्ही आकाराची खाच मारतात. नख मधली फट भरायला बघतं आणि कडा आपोआप आत ओढल्या जातात. बरोबरीने हळद-तूप भरायचं, सूज उतरते. नाहीतर न्हाव्याकडे नऱ्हाणीने कोपरा साफ करून घ्यायचा.

---

मिरज_ओपीडी

खाचेचा उपाय फार जुना आणि सगळीकडे सांगितला जातो, पण त्याने काही होत नाही. नखाचा बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो, त्याला फट भरायची जाण नाही. वाढ फक्त मुळाशी होते. खाचेने नख मध्ये कमजोर होतं आणि बुटात चिरतं, एवढंच.

हळद सांगलीची असली तरी नखाच्या फटीत भरू नका. तुपाने तिथे ओल धरून राहते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की कमी होतेय तेच कळत नाही. चुना आणि बिब्बा तर अजिबात नको. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, मग मूळ दुखणं बाजूला राहतं. नऱ्हाणी असो नाहीतर पार्लरचं पेडिक्युअर, कोपरा खोल कोरला की परिणाम ब्लेडसारखाच. त्यात हत्यार एकाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर जातं. तुमच्या हॉस्टेलवर एकच नेलकटर वीस जण वापरत असतील तर तेही आजच थांबवा. नखाची बुरशी पसरायला तेवढं पुरतं, आणि बुरशीने जाड झालेलं नख पुढे रुततंही.

---

यवतेश्वर_उतार

बुटाचं सांगतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रस्ता म्हणजे यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेला जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. नखं जातात ती परतीच्या उतारावर. चढताना भार टाचेकडे आणि चवड्यावर असतो. उतरताना पाऊल बुटात पुढे घसरतं आणि प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या तोंडावर आपटतो. काही किलोमीटर उतार म्हणजे हजारो ठोके. नखाखाली रक्त साकळून ते काळं पडतं, किंवा कड मांसात दाबली जाते.

माप घ्यायची पद्धत: बूट संध्याकाळी घ्यायचा, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. ज्या मोज्यात पळणार तेच मोजे घालून, आणि उभं राहून मापायचं. बसून घेतलेलं माप फसवं असतं. आतला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर इनसोल उरला पाहिजे. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तिथे दुसऱ्या बोटापासून मोजा. दोन पावलांत फरक असेल तर मोठ्या पावलाचं माप धरा.

आता रुंदी, जी कुणी बघत नाही. अंगठ्याची किंवा करंगळीची कड इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट कडेने दाबणार, लांबी कितीही बरोबर असो. अशा वेळी दुकानदार एक नंबर मोठा देतो. आपल्याकडच्या यूके मापात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर लांबी. रुंदी त्यात नावाला वाढते आणि पाऊल पुढे-मागे घसरायला लागतं. त्यापेक्षा रुंद तोंडाचं दुसरं मॉडेल बघा. भरतीची पोरं घेतात ते स्वस्तातले निमुळते बूट इथेच मार खातात.

घसरण थांबवायची तर लेस. बहुतेक पळायच्या बुटाला वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं आणि ते रिकामंच राहतं. लेस त्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घालून छोटा फासा ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग डावी लेस उजव्या फाशातून, उजवी डाव्या फाशातून काढा, खाली ओढून आवळा आणि गाठ मारा. टाच मागे पक्की बसते. बोटांवरची लेस मात्र सैल ठेवायची. पोरं उलट करतात, पुढे आवळतात आणि वर ढिली सोडतात.

मोज्याचंही तेच. आखूड झालेला घट्ट मोजा बुटाइतकाच नख दाबतो. शिवण अंगठ्याच्या कडेवर येत असेल तर मोजा उलटा घाला, दिसायला वेडं दिसलं तरी चालेल. पावसात निव्वळ सुती मोजा पाणी धरून बसतो, पॉलिएस्टर-नायलॉन मिश्रणाचा लवकर वाळतो. भिजलेल्या बुटाचा इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. चुलीशी ठेवला तर सोलचा डिंक सुटतो. परवडत असेल तर पावसाळ्यात आलटून-पालटून दोन जोड.

आणि ज्याचं नख दुखतंय त्याला अजिंक्यतारा चढू दे, पण उतरताना चालत उतरव.

---

वाळवा_शिफ्ट

कारखान्यातल्यांसाठी थोडं जोडतो. साखर कारखान्याच्या सीझनमध्ये सेफ्टी बूट आठ-आठ तास पायात असतात. पुढची पोलादी टोपी चामड्यासारखी सैलावत नाही, पहिल्या दिवशी जिथे दाबते तिथे शेवटपर्यंत दाबते. "वापरून सैल होईल" हे इथे चालत नाही. बूट इश्यू होताना घालून, उकिडवं बसून बघायचं. टोपीची मागची कड अंगठ्यावर रुतत असेल तर माप बदलून मागा. पण दाबतो म्हणून टोपीशिवायचा बूट वापरू नका, यंत्राजवळ बोटं त्याच टोपीमुळे शाबूत राहतात.

आणि मधुमेह असलेल्यांनी वरचे घरगुती प्रकार करायचे का? आमच्या शिफ्टला असे बरेच आहेत.

---

मिरज_ओपीडी

नाही. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर पहिल्या दिवसापासून डॉक्टर. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणजे नख रुतलंय हे दुखण्यावरून कळतच नाही, मोज्याला डाग दिसला की कळतं. त्या पायाला पाणी किती गरम आहे हेही कळत नाही, शेक घेताना भाजलेले पाय ओपीडीत येतात. कुरुपाच्या पट्ट्या आणि आम्ल असलेली मलमंही वर्ज्य. रोज रात्री पायाचा तळवा, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा उजेडात बघायच्या. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरच्यांनी बघायचं. जखम बरेच दिवस भरत नसेल तर आत हाडापर्यंत गेलीय का हे बघायला एक्स-रे लागतो.

---

ड्रेसिंग_रूम

पू नसलेल्या, नुसत्या लाल आणि दुखऱ्या कडेला घरी काय करायचं ते सांगते. निरोगी माणसालाच, मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

शेक: कोमट पाण्यात १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. मीठ घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी काम पाण्याचंच आहे. शेकानंतर कापसाच्या काडीने सुजलेली कड नखापासून बाहेरच्या बाजूला हळूहळू ढकलायची. मग नीट कोरडं करायचं. बोटांच्या बेचक्यातही, पोरं तेवढंच विसरतात.

कापूस: स्वच्छ कापसाचा बारीक पीळ नखाच्या कोपऱ्याखाली सरकवायचा, म्हणजे कोपरा मांसावरून वर उचलला राहतो. जाडी शिवायच्या दोऱ्याच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून जाड नको. दाताचा फ्लॉस मिळाला तर तो आणखी सोपा. सुई किंवा पिन वापरून कोंबायचं नाही. रोज शेकानंतर बदलायचा. एकदा घालून आठवडाभर ठेवला की तो घाम आणि माती धरतो आणि तिथेच पिकतं. घालताना कळ आली तर सोडून द्या, तिथे टोक आत घुसलेलं आहे आणि ते घरी निघणार नाही.

पट्टी: तुमच्या पोरांना याचा सगळ्यात जास्त उपयोग. मेडिकलमध्ये डायनाप्लास्ट म्हणून ताणणारी चिकटपट्टी मिळते. कागदी मायक्रोपोर घामाने सुटते. दीड-दोन सेंटीमीटर रुंद, सहा-सात सेंटीमीटर लांब तुकडा कापा. अंगठा पूर्ण कोरडा हवा. एक टोक सुजलेल्या कडेवर, नखाला अगदी लागून पण नखावर न येता चिकटवा. आता पट्टी ओढून मांस नखापासून लांब खेचा आणि तसंच ओढलेलं ठेवून तिरपी अंगठ्याखालून फिरवून वरच्या बाजूला, बुंध्याकडे संपवा. नख आणि मांस यांच्यात बारीक फट दिसली की बरोबर बसली. दोन्ही टोकं एकमेकांवर आणून कडं करायचं नाही, सुजेने ते आवळतं. लावल्यावर अंगठ्याचं टोक दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. निळसर पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा. रोज नवी पट्टी, आणि कोपरा पुढे वाढून बाहेर येईपर्यंत, म्हणजे काही आठवडे. चार दिवसांत दुखणं थांबलं म्हणून पट्टी सोडली की गाडी परत मूळ जागी.

पाटण-जावळीकडे भातलावणीला दिवस-दिवस चिखलात उभं राहणाऱ्यांनाही हेच, फक्त पट्टी काम संपवून पाय धुऊन-पुसून लावायची. उघडी जखम घेऊन चिखलात उतरू नये. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते डॉक्टरांना सांगा.

---

माणदेशी_ट्रॅक

पट्टी लावून पळू द्यायचं का? आणि नख पूर्ण काढूनही परत रुतलं त्याचं काय?

---

मिरज_ओपीडी

पळण्याचा नियम सोपा ठेवा. कड लाल, दाबल्यावर दुखते, पण चालताना लंगडत नाही: पट्टी लावून सपाट ग्राउंडवर हलकं पळणं चालेल. लंगडतोय: बंद, कारण पाऊल वाकडं टाकत पळाला तर गुडघा आणि नडगी धरेल. पू, किंवा कडेला लाल, ओलं, हात लावताच रक्त येणारं मांस वाढलंय: बंद, आणि डॉक्टर. घरी तीन-चार दिवस शेक-पट्टी करून उतार नसेल तरीही डॉक्टर. लाली पावलावर वर चढत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी.

नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर विसंबू नका. गोळीने सूज उतरते, टोक तिथेच राहतं, कोर्स संपला की परत. टोक काढलं तर बऱ्याच जणांना गोळीची गरजही पडत नाही.

पूर्ण नख काढण्याबद्दल. मूळ शाबूत असल्यामुळे नख परत येतंच, तेवढंच रुंद, आणि पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मधल्या काळात दाबून धरायला नख नसल्यामुळे अंगठ्याच्या टोकाचं मांस वर उभं राहतं आणि नवीन नख त्यावर येऊन आदळतं. तुमच्या मुलाचं हेच झालं असणार. वारंवार होणाऱ्याला फक्त रुतणारी कड काढून तिच्या मुळाला फिनॉल (मूळ जाळणारं रसायन) लावणं हा जास्त टिकणारा उपाय आहे.

अंगठ्याच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंनी भुलीचं इंजेक्शन देतात. खरं दुखतं ते तेवढंच. बुंध्याला रबराचा बंद बांधून रक्त थांबवतात, कारण रक्तात फिनॉल पातळ होतं. नखाची तीन-चार मिलिमीटरची उभी पट्टी टोकापासून मुळापर्यंत कापून ओढून काढतात. मग ८० ते ९० टक्के फिनॉल बारीक कापसाने मुळावर लावतात, साधारण एकेक मिनिट दोन-तीन वेळा, आणि धुऊन बंद सोडतात. त्या कडेचं मूळ मरतं, नख कायमचं थोडं अरुंद होतं, बाकी नख जागेवर राहतं. सगळं अर्ध्या तासात, दाखल व्हावं लागत नाही. जनरल सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ करतात. मिरज-सांगली सिव्हिल किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत आधी दाखवा. सौम्य केसमध्ये नख न कापता, सलाइनची नळी उभी चिरून नखाच्या कडेवर पन्हाळीसारखी बसवतात, तीही भुलीखाली.

फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे, कधी सहाही, पातळ पिवळसर पाणी येतं. तो पू नाही, फिनॉलने भाजलेली जागा भरत असते. दुसऱ्या दिवसापासून रोज कोमट पाण्यात धुऊन ड्रेसिंग. दुखणं कमी होत आलेलं असताना एकदम वाढलं, वास आला, लाली पसरली तर तो संसर्ग. पळणं पाणी थांबल्यावर आणि बूट घालून न दुखता चालता आल्यावर, आधी सपाटीवर. घाट शेवटी. भरतीचं ग्राउंड महिन्याच्या आत असेल तर तारीख डॉक्टरांना आधीच सांगा.

एकच पथ्य: नखाखाली मधोमध टणक गाठ उचलून आली असेल आणि कड कापूनही दुखत असेल तर एक्स-रे न काढता परत परत नख कापून घेऊ नका. या वयात नखाखाली हाडाची वाढ होते आणि ती अगदी रुतलेल्या नखासारखी दिसते.

---

यवतेश्वर_उतार

ग्राउंडच्या आदल्या रात्री नखं कापायची नाहीत हेही पोरांना सांगा. सगळे तेच करतात. कापायचीच तर पाच-सहा दिवस आधी, म्हणजे कुठे चीर राहिली असेल तर सरावातच कळते. आणि ग्राउंडला नवा कोरा बूट नको.

---

माणदेशी_ट्रॅक

उद्या सकाळी सगळ्यांचे इनसोल बाहेर काढून उभं करतो. नेलकटरही ज्याचं त्याचं. ज्याचं नख काढलं होतं त्याला सोमवारी सिव्हिलला पाठवतो, एक्स-रेचं विचारायला सांगून.